रंकाळा ऊर्जा समतोल मंडळ

माणूस खातो तेवढे खर्च झाले नाही, तर उरलेले त्याच्या कमरेभोवती मुक्कामाला येते. हा निसर्गनियम कोल्हापूरलाही लागू आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. (शहरात यावर एकमत नाही.)

भाऊसोंना तो गुडघ्यातून कळला. "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन," असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा त्यांना गुडघ्याआधी नात आठवली. श्रुती फरशीवर भातुकली मांडून रोज हाक मारायची, "आजोबा, खाली या की!" पण खाली बसलेले भाऊसो पुन्हा उठतील याची हमी घरात कोणी देईना. याचे त्यांना फार वाईट वाटे.

म्हणून ते रंकाळ्यावरच्या ऊर्जा समतोल मंडळात दाखल झाले. मंडळाचे काम शास्त्रशुद्ध. सकाळी तळ्याकाठी चालून ऊर्जा खर्च करायची आणि शरीराला धक्का बसू नये म्हणून दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाने ती लगेच भरून काढायची. वेग गप्पांना अडथळा येणार नाही इतकाच. पाहणीनुसार नव्वद टक्के सभासदांचे जबडे उत्तम स्थितीत आहेत. (उरलेल्यांना कवळी आहे.)

भाऊसोंनी मात्र दूध सोडले, भात सोडला, आणि वजन चक्क उतरले. मंडळात असा प्रकार पूर्वी घडला नव्हता. अध्यक्ष विजयसिंह गहिवरले.

"भाऊसो, नाव काढलासा! जेवान कधी?"

"आवो, उद्या डॉक्टरकडं वजन करायचं हाय."

"मग आजच करूया की! एवढी आनंदाची बातमी कोरडीच ठेवतासा व्हय?"

भाऊसोंना नाही म्हणवेना. दुपारी तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला. यजमानाने प्रत्येक पंगतीला सोबत बसावे आणि वाढणाऱ्याला 'पुरे' ऐकू येऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. पंगती तीन झाल्या. सकाळी डॉक्टरांचा काटा पूर्वपदावर होता. मंडळाने समतोल साधल्याचा ठराव टाळ्यांत मंजूर केला; डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकलले.

"आजोबा, खाली या की!" श्रुतीने हाक मारली.

"तूच वर ये, बाळा," भाऊसो खुर्चीतून म्हणाले.

श्रुतीने थोडी वाट पाहिली. मग आजोबांच्या जागी एक गुबगुबीत लोड आणून बसवला आणि त्याला जेवायला वाढले.

तुम्ही हसलात, बरे झाले. हसण्यानेही ऊर्जा खर्च होते, असे मंडळ मानते. ती भरून काढायला हाताशी बशी असेलच. सभासद व्हायला अर्ज लागत नाही. तुमच्या जागी घरात कोणता लोड बसवला आहे, तेवढे मात्र उठून बघा. उठवत असेल तर.