बेहडपाड्याची ढाल

बाळांनो, गोष्टीआधी एक शब्द नीट समजून घ्या. शब्द आहे 'मानचिन्ह'. गावाने आपल्या ओळखीसाठी ढालीच्या आकारात काढलेले चित्र म्हणजे मानचिन्ह. समुद्रापलीकडे स्पेन नावाचा देश आहे. तिथे चारशे उंबऱ्यांच्या गावालाही स्वतःचा ध्वज आणि स्वतःची ढाल असते. ढालीवर मनोरा, नाहीतर नदी, नाहीतर झाड. आणि वर मुकुट. चित्र गावासारखे असावे, एवढीच यात अपेक्षा असते. गाव चित्रासारखे असावे, अशी नसते.

आता ऐका. एका जंगलात बेहडपाडा नावाची लहानशी वस्ती होती. मधोमध बेहड्याचे एक प्रचंड झाड होते. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची बायको पिलांना घेऊन बसली होती. धनेशांची रीत तुम्हांला ठाऊक नसेल. मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसे झडतात. नवी पिसे येईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळे भरवतो.

दरवर्षी सिंहमहाराजांच्या दरबारात प्रत्येक वस्ती आपल्या ध्वजाखाली उभी राही. बेहडपाड्याला ध्वज नव्हता. त्यामुळे त्यांना सर्वांत मागे, 'इतर' अशी पाटी लावलेल्या जागी उभे करीत. सरपंच रानडुकराला हे फार लागले होते. शेजारच्या करवंदवाडीने ढालीवर हत्ती काढला होता. करवंदवाडीत हत्ती कधी फिरकलाही नव्हता, पण पहिल्या रांगेत तीच होती.

सभा भरली. ढालीवर आपणच असावे, असे प्रत्येकाला वाटत होते. माकडाचे म्हणणे पडले की त्याची शेपटी मुकुटाच्याही वर यावी. सशाने नम्रपणे कळवले की त्याला कोपराही चालेल, पण तो उजवा हवा. शेवटी दुसऱ्या कोणाचेही चित्र नको, या एकाच मुद्द्यावर एकमत होऊन बेहड्याचे झाड निवडले गेले.

दरबारातून ढालशास्त्री बगळा तपासणीला आला. त्याने एका पायावर उभे राहून चित्र पाहिले. चित्र सदोष असल्याचे त्याने सांगितले. ढालीवरच्या झाडाची मुळे दिसलीच पाहिजेत, असे शास्त्र होते. सरपंचाने तत्काळ चित्रात मुळे काढवून घेतली. बगळ्याने पुन्हा चित्र पाहिले. मग झाड पाहिले.

"आता चित्र निर्दोष आहे," तो म्हणाला. "झाड सदोष आहे. याची मुळे कुठे आहेत?"

"जमिनीत आहेत, शास्त्रीबुवा."

"मग मी पडताळणी कशाची करू?"

पौर्णिमेपर्यंत झाड चित्राशी जुळले नाही, तर आणखी एक वर्ष 'इतर'मध्ये काढावे लागेल, असे सांगून तो तळ्याकडे जेवायला गेला.

धनेश सभेत आला. त्याच्या चोचीत अजून फळ होते. ते त्याने बाजूला ठेवले.

"सरपंच, दीड महिना थांबा. ती आत आहे. तिला पिसे नाहीत. पिले अजून उघडी आहेत."

"धनेशराव, हा वस्तीच्या मानाचा प्रश्न आहे. तुमच्या घरचा नव्हे."

"माझे घर वस्तीच्या मधोमध आहे."

"म्हणूनच तर ढालीच्या मधोमध घेतले आहे."

सभा हसली. झाडाची मुळे उघडी करण्यावर मतदान झाले. धनेशाचे एक मत विरुद्ध पडले. ढोलीतल्या मतदाराला बाहेर येता न आल्याने तिचे मत धरले गेले नाही.

सरपंचाने स्वतःच्या सुळ्यांनी मुळे उघडी केली. तीन दिवस त्याला दुसरे काही सुचले नाही. बगळ्याने मुळे मोजली, चित्राशी ताडून पाहिली आणि मुद्रा उमटवली. ध्वज चढला. त्यानंतर चौथ्या सकाळी झाड पडले.

धनेशाच्या बायकोने लिंपण फोडून स्वतःला बाहेर काढले. ती उडू शकत नव्हती, म्हणून गवतातून धावली. दोन्ही पिले आतच राहिली.

सभेने उभे राहून शोक व्यक्त केला. त्याच बैठकीत ठराव झाला, की दोन्ही पिलांना ढालीच्या दोन बाजूंना स्थान द्यावे. दरबाराची मान्यता आली. तीत एक दुरुस्ती होती: पिले पंख पसरलेली दाखवावीत.

"त्यांना पंख फुटलेच नव्हते," धनेश म्हणाला.

"ढालीवर फुटतील," सरपंचाने त्याचे सांत्वन केले.

पुढच्या दरबारात बेहडपाडा दुसऱ्या रांगेत होता. झाड किती हुबेहूब आले आहे, असे जो तो म्हणाला.

तात्पर्य: झाड वस्तीत असले की सावली मिळते, ढालीवर असले की रांगेत जागा मिळते. शहाण्याने आधी जागा पाहावी; सावलीत बसलेल्याला दरबार ओळखत नाही.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकीची सांगितली जाते. मुळे उघडी केल्यावर झाड पडेल, हे बिचाऱ्या प्राण्यांना कळले नव्हते, असे सांगतात. ते खरे नाही. धनेशाने ते सभेत दोनदा सांगितले होते आणि इतिवृत्तात तशी नोंद आहे. त्यावर चर्चाही झाली. ती झाड कोणत्या बाजूला पडेल, याची होती. ज्यांची बिळे त्या बाजूला होती, त्यांनी मतदानाआधीच ती रिकामी केली होती.