नसलेला थर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या दर्शनी दालनात माशांची एक काचेची टाकी होती. आपल्या नळाचे पाणी उत्तम असल्याचा जिवंत पुरावा म्हणून ती कार्यालयाने ठेवली होती. तिच्या हीटरवर आणि फिल्टरवर क्षारांचा पांढरा थर चढला, नळी तुंबली आणि केशरी मासे वर येऊन तोंडे वासू लागले.

टाकी सांभाळणाऱ्या हेडक्लार्कचा त्यांच्यावर जीव होता. त्याने घरी बायकोला सांगितले.

“अहो, आपल्या किटलीला धरतो तोच थर ना? प्लग काढा, हीटर गार होऊ द्या. मग बाहेर काढून निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर, त्यात भिजत घाला. वायरचं टोक तेवढं कोरडं ठेवा. मऊ ब्रशनं घासा, वास जाईपर्यंत धुवा आणि बसवा.”

“साहेबांना विचारतो.”

“एवढ्याशा कामाला साहेब कशाला?”

पण न विचारता काही करण्याचे पाप त्याच्या हातून उभ्या नोकरीत घडले नव्हते.

साहेबांनी टाकी न्याहाळली. “क्षार? आपल्या पाण्यात क्षार नाहीत. प्रत्येक तक्रारदाराला आपण तेच सांगतो.”

“पण साहेब, हा थर...”

“काढलात तर तो होता हे सिद्ध होईल. नसलेली गोष्ट काढता कशी येईल?”

युक्तिवाद बिनतोड होता. माशांनाच तेवढा पटला नाही. थरावर ‘नैसर्गिक प्रवाळ’ अशी पाटी लागली. फिल्टर बंद पडल्यावर ‘मासे विश्रांती घेत आहेत’ अशी दुसरी. हेडक्लार्क पिशवीत व्हिनेगरची बाटली घेऊन येई आणि तशीच परत नेई. पहिला मासा उलटा तरंगला त्या दिवशी त्याने डबा न उघडताच घरी नेला. सकाळी मात्र तो वेळेवर हजर होता. सगळे मेल्यावर साहेबांच्या आदेशाने त्याने स्वतःच्या हाताने प्लॅस्टिकचे मासे सोडले. थोड्याच दिवसांत थर चढून तेही पांढरे पडले, तेव्हा ‘दुर्मीळ पांढरी जात’ अशी पाटी आली.

आता नागरिक गिझरचे पांढरेफटक रॉड घेऊन तक्रारीला येतात, टाकीपाशी थबकतात आणि मासे मजेत आहेत म्हणून समाधानाने परत जातात. ते प्लॅस्टिकचे आहेत हे प्रत्येकाला दिसते. पण रांगेतला पुढचा गप्प आहे, तर आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?

परवा रांगेत तुम्हीही होतात. कुणीतरी एकदाचे बोलेल म्हणून हेडक्लार्कने तुमच्याकडे फार आशेने पाहिले. तुम्ही घड्याळ पाहिलेत.