उसन्या दगडांची इगर्जी

ज्यानें डोंगर केला आणि तो फोडून घरीं नेणारा माणूसही केला, त्या समर्थास दंडवत घालून लेखनास आरंभ. शके चौदाशें चौऱ्यायशीं, दुंदुभीनाम संवत्सर. समुद्रकाठीं एक नगर होतें. नांव सांगितल्यास तेथील रहिवासी वादास येतील, सबब सांगत नाहीं. त्या नगराचे दक्षिण पेठेंत ख्रिस्तांवांचें देऊळ, ज्यास मर्तीनबाबाची इगर्जी म्हणत, तें पूर्वजांनीं बांधिलें. आणि बांधितेसमयीं घरटीं एक घडीव दगड दिल्हा, त्यावर घराची खूण कोरिली, आणि ठराव केला कीं, दगड देवाचा, परंतु घरास अडचण पडेल तर न्यावा, अडचण सरतांच आणोन बसवावा. कोणी खरोखरच नेईल ऐसें पूर्वजांचे मनांत आलें नाहीं. येथें पूर्वज चुकले.

इगर्जीचे कारभारी बस्त्यावदादा. त्यांचें कुटुंब आंजेलबाय इगर्जीचे फरशीखालीं पुरिली होती आणि शेजारची जागा दादांकरितां राखिली होती, दादा रोज सांजवात करून तेथें उभे राहात आणि हळूच म्हणत, "येतोंच आहें." त्यांस दुसरें मागणें नव्हतें. मग ऐसें जाहलें कीं, पेठेंतील पास्कोल यानें लेकीचे लग्नांत चुलीस म्हणोन आपला दगड काढून नेला. लग्न यथास्थित पार पडलें, लेक सासरीं गेली आणि दगड रांजणाखालीं राहिला. तें पाहोन शेजारचे मिंगेलानें खारे मासळीवर दाब म्हणोन आपला नेला, आणि मग अवघे पेठेस अडचणी सुचों लागल्या. ज्यांचा दगड तळास होता त्यांनीं वरचे भिंतीस टेकू देऊन नेला. हक्क तो हक्क. दादा दारोदार फिरते जाले.

"पास्कोलभाऊ, दगड?"

"आहे कीं. पळून जातो होय? भरला रांजण उतरवूं काय आतां?"

"चार वर्षें जालीं, बाबा."

"मग चार वर्षें देऊळ उभें राहिलेंच ना आमचे दगडावांचून?"

त्या पावसाळ्यांत भिंती बसल्या, आणि कौलें भिजों नयेत म्हणोन लोकांनीं तीं आपले घरावर नेऊन घातलीं.

इतक्यांत वर्तमान आलें कीं, बिशपसाहेब पाहणीस येतात. जेथें इगर्जी उभी नाहीं ती पेठ खाडीपलीकडचे इगर्जीस जोडिली जाईल, आणि मयतही तिकडेच पुरावें लागेल.  दादांनीं दवंडी पिटविली कीं, ज्याचा दगड त्यानें आणावा. मग अवघी पेठ दगड डोईवर घेऊन, वाजंत्री लावून, दगडांस हार घालून हजर जाहली. दादांचे डोळे भरले. गवंडी म्हणाला, "तळास कोणाचा ठेवूं?" वाजंत्री थांबली.

मिंगेल बोलिला, "आमचे आजोबांचा कमानीचे माथ्यावर होता." तो तेथें कधींच नव्हता.

पास्कोलाची बायको दुमिंगबाय म्हणाली, "मिंगेलभावजींचे दगडावर आमचा बसेल. खालीं बसावयाचा नाहीं."

"कोणीतरी तळास जावें लागतें, माझे बाई," दादा बोलिले.

"मग तुम्ही जा कीं."

दादांनीं आपला दगड आंजेलबायचे उशाशीं तळास बसविला. मग त्यावर कोणाचा, हा वाद पडला. कारण वरून पाहतां दुसराही तळचाच. हार सुकले, तों बिशपसाहेब आले. पाहतात तों भुईंत एक दगड, आणि भोंवतीं अवघी पेठ हातांत दगड घेऊन उभी. साहेब घोड्यावरून न उतरतां पुसते जाले, "हे मला मारावयास उभे आहेत काय?"

"नाहीं महाराज," दादा बोलिले, "ही इगर्जीच आहे. अजून एकावर एक जाली नाहीं."

साहेबांनीं आशीर्वाद दिल्हा आणि पेठ खाडीपलीकडे जोडिली. दादांनीं पदर पसरिला कीं, मेल्यावर मज येथेंच ठेवावें. उत्तर आलें, "इगर्जी नाहीं तेथें दफन नाहीं."

पुढें वर्षानें दादा वारले. पेठेनें प्रेत खाडीकडे न्यावयाचें तें चार पावलें नेऊन माघारीं फिरविलें आणि आंजेलबायचे शेजारीं पुरिलें. माती कोणी उकरूं नये म्हणोन घरटीं एक दगड आला, आणि त्या दिवशीं कोणाचा तळास, हें कोणीं पुसिलें नाहीं. रास छातीइतकी जाहली. खाडीपलीकडचे पाद्री धांवत आले.

"हें काय चालिलें आहे?"

"इगर्जी बांधतों आहों," पास्कोल बोलिला, "बिशपसाहेबांनींच सांगितलें ना, इगर्जी नाहीं तेथें दफन नाहीं?"

पाद्रीबाबांनीं राशीस प्रदक्षिणा घातली, कांहीं पुटपुटले आणि होडींत बसून गेले. मग लग्नसराई आली, आणि ज्यास चुलीस दगड लागला त्यानें तेथूनच नेला. दादांचे उशाचा तेवढा कोणीं हलविला नाहीं. तो फार खालीं होता.

सारांश, ती इगर्जी कोणा शत्रूनें पाडिली नाहीं, तोफ लागली नाहीं, आगही लागली नाहीं. आजही ती त्या पेठेंत घरोघर आहे. एके ठिकाणीं मात्र नाहीं. हें जैसें घडलें तैसें लिहिलें.