फोनवर ऐकवलेलं घोरणं

चुडामणच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. चुडामण माझा पुतण्या, पुण्यात डॉक्टर. त्याने लिहिलं होतं, 'काका, झोपेत श्वास थांबतो हे हसण्यावारी नेऊ नका. इकडे या. जमत नसेल तर निदान फोनवरून घोरणं ऐकवा, थोडा अंदाज तरी येईल.' पण सारी नोकरी वाचनालयात 'शांतता राखा' म्हणण्यात गेली. आता मीच घोरतो, हे कागदावर लिहायचं कसं?

इकडे इंदिराबाई, म्हणजे आमची ही, अडून बसली. शिरपूरला लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, पिशवी भरून तयार, पण "तुमचा श्वास अडकला की हलवायला कोण आहे घरात?" हा एकच प्रश्न. माझ्या उशाशी जागून जागून तिचे डोळे लालभडक झाले होते.

मग मी ठरवलंच! झोपण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जामनेर तालुक्यात नाही. भरपेट जेवायचं, नेमीचंदशेठच्या कापडदुकानातल्या एसटीडी फोनपाशी आडवं व्हायचं आणि घोरायचं. झालं!

शेठनी गादी घातली, नंबर लावला.

"काका, रिसीव्हर उशीवर ठेवा आणि खुशाल झोपा," चुडामण म्हणाला.

मी डोळे मिटले. किलकिले करून पाहिलं, तर दारात अर्धा बाजार!

"आबा, झोपा ना! बठ्ठे वाट पाहून राह्यले!" उखर्डू हमाल म्हणाला.

"हळू बोल रे! आबा बुजतील!" शेठ त्याच्याहून मोठ्याने ओरडले.

झोप कसली येते! लग्नात पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखा मला घाम फुटला.

एवढ्यात कानाशी पिठाची गिरणी सुरू झाली. घर्रर्र! घर्रर्र! मला हलवायला म्हणून शेजारी बसलेली ही माझ्याच उशीवर कलंडली होती! मी हळूच रिसीव्हर ओढायला गेलो, तर तिने तो नातवंडासारखा पोटाशी धरला. उठवावं म्हटलं; पण इतकं गाढ झोपलेलं तिला मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती दचकून उठली. फोनमधून चुडामण हाका मारत होता. तिने रिसीव्हर कानाला लावला.

"काकू, काळजी सोडा! श्वास एकदाही थांबला नाही. बिनघोर जा शिरपूरला!"

"ऐकलंत का?" ही उजळलीच. "मी उद्याच निघते!"

शेठ घाईघाईने कापडाच्या घड्या घालू लागले. उखर्डूने तोंड उघडलं.

"शांतता राखा!" मी गरजलो. सगळे गप्प! नोकरीत असं एकदाही घडलं नव्हतं.

सकाळी तिला शिरपूरच्या गाडीत बसवलं आणि स्टँडवरच्या पेटीत पत्र टाकलं:

'चि. चुडामणास अनेक आशीर्वाद. तू ऐकलंस ते घोरणं माझं नव्हे. माझं घेऊन मी येत्या सोमवारी स्वतः येतो. तोवर उखर्डू उशाशी बसणार आहे. मात्र हे काकूजवळ बोलू नकोस. ती घोरत नाही. तिनेच मला तसं सांगितलं आहे.'