बिनचरबीचं एक किलो

स्वयंपाक ही काही अवघड गोष्ट नाही! लोक उगाच तिचा बाऊ करतात. मी चाळीस वर्षं माझ्या बायकोच्या, त्रेस्याच्या शेजारी स्टुलावर बसून छोटे कांदे सोलले आहेत. कांदे सोलता सोलता माणूस किती शिकतो, याची तुम्हाला कल्पना नाही! भांड्यात आधी काय जातं, नंतर काय जातं, सगळं मला तोंडपाठ. फक्त स्वतः करायची वेळ कधी आली नव्हती, एवढंच.

ती वेळ त्रेस्या गेल्यावर आठ महिन्यांनी आली. त्या आठ महिन्यांत मी काय खाल्लं ते विचारू नका. दुपारी भात आणि लोणचं. रात्री, बदल म्हणून, लोणचं आणि भात.

मग बंगळुरूहून मुलाचा, टोजोचा फोन आला.

"अप्पच्चा, रविवारी येतोय. लिन्सीही येतेय. आणि एक रिकामी सुटकेस आणतोय."

"रिकामी कशाला?"

"तुमच्या कपड्यांसाठी. शेजारच्या एलियाम्मा चेडत्तींनी सांगितलं मला, तुम्ही काय खाता ते. आता आमच्याकडे राहायचं."

मला बंगळुरूशी काही वाकडं नाही. टोजोचं घर नवव्या मजल्यावर आहे, छान आहे, लिफ्टमध्ये आरसासुद्धा आहे. पण त्या नवव्या मजल्यावरून उतरून मला संध्याकाळी त्रेस्याच्या थडग्यापर्यंत चालत जाता येणार नाही. इथून सात मिनिटं लागतात. जाताना. येताना जरा जास्त.

"मी मस्त शिजवून खातो!" मी ठोकून दिलं. "रविवारी तुम्हीच जेवून बघा. नाही आवडलं तर सुटकेस भर!"

"बोललात हं, अप्पच्चा."

"बोललो!"

सून लिन्सी एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. तिला दया आली असावी. तिने नवऱ्याच्या नकळत मला फोनवर यादी पाठवली. बिनचरबीचं बीफ. गाजर, घेवडा, कोबी, बीट, सगळं ताजं. खोबरेल तेल नको. खोबरं नको. तळलेलं नको. खाली लिहिलं होतं, 'हे जमलं तर तुमचा मुलगा गप्प बसेल.'

मी शनिवारीच घर साफ करायला घेतलं. खोबरेल तेलाचा डबा, केळ्याच्या वेफर्सचा डबा, डुकराच्या मांसाच्या लोणच्याची बरणी, सगळं टोपलीत भरलं आणि शेजारी एलियाम्मा चेडत्तीला नेऊन दिलं.

"हे काय रे कुरुविला? तुला नको?"

"मला आता त्याचा काय उपयोग, चेडत्ती? तुम्हीच वापरा."

तिने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, कांदा चिरत असेल.

रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून मी पाप्पच्चनच्या मांसाच्या दुकानात गेलो. आमच्याकडे रविवारी तिथे चर्चपेक्षा मोठी रांग असते आणि तिथे कुणाला डुलकी लागत नाही. माझा नंबर आला. पाप्पच्चनने न विचारताच सुरी उचलली आणि चरबीच्या पांढऱ्या पट्ट्याकडे वळवली.

"ते नको," मी म्हटलं. "बिनचरबीचं एक किलो दे. हाड नको, चरबी नको. निव्वळ लाल मांस."

पाप्पच्चनची सुरी हवेतच राहिली. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यात असं कुणी मागितलं नव्हतं. म्हणजे, एकाने मागितलं होतं. ते मला नंतर कळलं.

"चेट्टा," तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाले?"

"कसला डॉक्टर? मला काही झालेलं नाही!"

"नाही, नाही. असं धीराने घ्यायला हवं."

आता, पोटच्या पोराला माझ्या जेवणाची परीक्षा घ्यायची आहे, हे मी भर रांगेत कसं सांगणार? मी पिशवी उचलली आणि निघालो. मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्या वक्कच्चननेही असंच बिनचरबीचं मागितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात पोहोचवला त्याला."

मला वाटलं, ते वक्कच्चनबद्दल बोलतायत. वाईट वाटलं. चांगला माणूस होता.

भाजीवाल्याकडे गाजर, घेवडा, कोबी आणि बीट घेतलं. "पेशंटसाठी का?" त्याने विचारलं. मी सुटे पैसे मोजून दिले.

घरी येऊन कामाला लागलो. कांदे सोलले, झकास सोलले! त्यात मला हरवणारा आमच्या पाला गावात नाही. मग मांसाचे तुकडे, मिरी, आलं, लसूण आणि सगळ्या भाज्या एकदमच कुकरमध्ये टाकल्या. वेगवेगळं कशाला करायचं? शेवटी पोटात एकत्रच जाणार! झाकण लावलं.

चार शिट्ट्या. उघडून बघितलं. मांस कडक.

आठ शिट्ट्या. मांस अजून कडक.

बारा शिट्ट्यांनंतर काट्याने टोचलं, तर काटा वाकला! मी जन्मभर दीड एकर रबराची बाग सांभाळली. पहाटे उठून झाडांना खाचा घेतल्या, चीक गोळा केला, त्याचे तक्ते वाळवले. पण झाडाशिवाय रबर काढायचा हा माझा पहिलाच प्रसंग! आणि भाज्या? गाजर बेपत्ता. घेवडा बेपत्ता. कोबीचा तर माग लागत नव्हता. बीट मात्र हजर होतं. मांसावर, झाकणावर, भिंतीवर, आणि तेराव्या शिट्टीला घाईने झाकण काढल्यावर माझ्या पांढऱ्या शर्टावर, गळ्यापासून पोटापर्यंत!

घड्याळात साडेअकरा झाले होते. टोजो साडेबाराला येणार होता.

तेव्हा मला आठवलं. मांस चिवट निघालं की त्रेस्या त्यात कच्च्या पपईची फोड टाकायची. बघा, स्टुलावर बसण्याचे फायदे! मी लांब काठी घेऊन परसात गेलो, पपईच्या झाडाखाली उभा राहिलो, नेम धरून ढोसलं. एक पपई पडली. माझ्या खांद्यावर. काही म्हणा, चांगली भरलेली पपई होती. मी खाली बसलो. मग वाटलं, बसण्यापेक्षा जरा पडावं. दोन मिनिटं. गवत गार होतं.

नेमकी तेव्हाच एलियाम्मा चेडत्ती कुंपणावरून डोकावली.

तिने काय पाहिलं ते तिच्या बाजूने बघा. काल घरातल्या वस्तू वाटून टाकणारा माणूस. आज सकाळी पाप्पच्चनच्या दुकानातली बातमी. आणि आता तोच माणूस झाडाखाली उताणा, छातीवर लालभडक डाग!

"अय्यो! कुरुविला गेला रे!"

तिचा आवाज म्हणजे काय सांगू! चर्चची घंटा बिघडली तर त्यांनी हिलाच मनोऱ्यावर चढवावं. मी "चेडत्ती, अहो" म्हणेपर्यंत ती रस्त्यावर पोहोचलीसुद्धा. चर्च जवळच. दुसरी प्रार्थना नुकतीच सुटलेली. माणसं काय, अंगणात तयारच उभी होती!

मी पपई उचलली, आत गेलो, एक फोड कुकरमध्ये टाकली आणि परत झाकण लावलं. दम लागला म्हणून ओसरीवरच्या आरामखुर्चीत टेकलो. तोवर फाटकातून आमचे पाद्री अच्चन स्कूटरवरून आत आले. गळ्यात जांभळा पट्टा, हातात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी. मागून पाप्पच्चन, भाजीवाला, सकाळची अख्खी रांग. मोजून पंधरा माणसं.

अच्चनांनी माझा हात हातात घेतला. "कुरुविलाचेट्टा, मनात काही आहे का? सांगून टाका."

"अच्चा, मांस शिजत नाहीये!"

"ते राहू द्या आता," अच्चन मायेने म्हणाले. "देहाच्या गोष्टी सोडा."

"पण अच्चा, हे बीट आहे!"

"भ्रम व्हायला लागलाय," भाजीवाला पाप्पच्चनला म्हणाला. "बीट सकाळी माझ्याकडूनच नेलं होतं. डोक्यात तेच बसलंय बिचाऱ्याच्या."

अच्चनांनी कुपीचं बूच काढलं. आणि फाटकात गाडी थांबली.

टोजो उतरला. त्याने गर्दी बघितली, अच्चनांच्या गळ्यातला पट्टा बघितला, माझा शर्ट बघितला. हातातली सुटकेस तिथेच पडली. "अप्पच्चा!" म्हणून तो असा धावत आला, जसा पाचवीत नापास झाला होता तेव्हा आईकडे धावला होता. मी खुर्चीतून ताडकन उठलो. दोन बायका किंचाळल्या.

लिन्सी मात्र शांतपणे पुढे आली. माझ्या शर्टाला बोट लावलं, वास घेतला.

"बीट," ती म्हणाली. "जास्त शिजलंय."

मग मी सगळ्यांना सगळं सांगितलं. सुटकेसचं, यादीचं, पपईचं. मला काहीही झालेलं नाही, हे तीनदा सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

"वक्कच्चनही असंच म्हणायचा," मागे कुणीतरी पुटपुटलं.

टोजोची भीती उतरली आणि तिच्या जागी राग चढला. "बास झालं! अप्पच्चा, तुम्हाला एक जेवण करता येईना, त्यात पपई अंगावर पाडून घेतलीत! लिन्सी, सुटकेस घे आत. यांचे कपडे भर."

शर्त मीच घातली होती.

"कुठे नेतोस रे?" पाप्पच्चन पुढे झाला. "तिथे नवव्या मजल्यावर याला काही झालं, तर किती माणसं येतील? इथे नुसती पपई पडली तर पंधरा आली!"

"चेट्टा, ती पंधरा माणसं त्यांना मेलेलं समजून आली होती!"

"मग? आली ना!"

"ते काही नाही," एलियाम्मा चेडत्ती कमरेला पदर खोचत म्हणाली. "तुझ्या आईने जाताना मला सांगितलंय, याच्यावर लक्ष ठेव. तू नेलंस तर मी काय कोंबड्यांवर ठेवू?"

"लक्ष ठेवलं म्हणूनच मला फोन केलात ना?"

"जेवण पाठव म्हणून केला होता मी! सुटकेस आण म्हणून नाही, गाढवा!"

अच्चनांनी कुपीला बूच लावलं. "आधी जेवू या. जेवणावरच ठरलं होतं ना? मग जेवूनच ठरवा."

लोक घरी गेले आणि आपापल्या रविवारच्या जेवणाची भांडी घेऊन आले. उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, खोबऱ्याच्या कापांसह परतलेलं काळं चमचमीत बीफ, ताक. चेडत्तीचं तर माझ्याच खोबरेल तेलात झालं होतं. अंगणात टेबल मांडलं. बरोबर मधोमध माझं पातेलं. रंग जांभळा.

पण खरं सांगतो, काय माणसं आहेत आमच्याकडची! प्रत्येकाने आधी माझ्या पातेल्यातलं वाढून घेतलं. पाप्पच्चनने घास घेतला, डोळे मिटले आणि गिळला. मग म्हणाला, "चेट्टा, असं बीफ मी आजवर खाल्लेलं नाही."

"हलकं आहे," भाजीवाला म्हणाला.

"त्रेस्या असती तर..." चेडत्ती म्हणाली आणि पटकन ताक प्यायली.

मी लिन्सीकडे बघितलं. ती कसावा आणि चेडत्तीचं बीफ खात होती. दुसऱ्यांदा वाढून घेऊन. यादीचं मी तिला काही विचारलं नाही.

टोजोने परीक्षकासारखा पातेल्यातला सगळ्यांत मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावायला लागला. चावला. अजून चावला. गालाची हाडं वर खाली, वर खाली. तुकडा होता तेवढाच! पपईनेही हात टेकले होते.

अच्चनांनी ते पाहिलं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात ना, त्याच खणखणीत आवाजात ते उभे राहून म्हणाले, "कुरुविला आपल्या घरातच राहील. कुणाची हरकत असेल तर त्याने आत्ता बोलावं!"

टोजोचे डोळे मोठे झाले. "म्म्म!" तो म्हणाला.

"स्पष्ट बोल, बाळा."

"म्म्म! म्म्म्म!"

बापाने केलेला घास अच्चनांसमोर थुंकायचा कसा? त्याने हात वर करायला घेतला. लिन्सीने तो हळूच खाली दाबला आणि वर त्यात ताकाचा पेला दिला.

"कुणाचीच हरकत नाही," अच्चन म्हणाले. "ठरलं!"

पंधरा माणसांनी एवढ्या जोरात "ठरलं!" म्हटलं की चेडत्तीच्या कोंबड्या झाडावर चढल्या. मी रडलो. थोडंसंच. शर्टाच्या बाहीने पुसलं, तर गालभर बीट लागलं आणि टोजो घास तोंडात ठेवूनच हसायला लागला. त्याला आठ महिन्यांनी तसं हसताना पाहिलं. सुटकेस रिकामी गेली नाही. चेडत्तीने तीत कसावा, केळी आणि एक अख्खा फणस कोंबला.

दुसऱ्या दिवशी बंगळुरूला पोहोचून टोजोने फोन केला.

"अप्पच्चा, अच्चनांनी विचारलं तेव्हा मला काहीतरी बोलायचं होतं. कुणी बोलूच दिलं नाही."

"आता बोल की."

"त्यात मीठ नव्हतं."

मी फोन ठेवला आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं चाखून बघितलं. खरंच, कणभरही नव्हतं! पंधरा माणसं जेवली, वाहवा करून गेली, आणि एकानेही चकार शब्द काढला नाही! पण त्यांचं तरी काय चुकलं? मरायला टेकलेल्या माणसाला कोण सांगणार, मीठ राहिलंय म्हणून!