रेश्मा कुणाला पाणी देत नाही

आमच्या पेणच्या रामवाडीत रेश्मासारखी उद्धट मुलगी दुसरी नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पाहुणा दारात आला की ही हसत सांगते, "माठ तिकडे हाय. घ्या हातानं!" आणि तो पेला कसा धरतो ते टक लावून बघत बसते.

ती ऑक्युपेशनल थेरपी शिकली. म्हणजे काय, हे पेणमध्ये सांगता सांगता तिचा घसा बसला.

"मालिश काय गो?" आमच्या सासूबाईंनी विचारलं.

"नाय आजी. आजारानंतर माणसाला आंघोळ, जेवण, त्याचं काम पुन्हा स्वतः करता यावं, ते शिकवायचं."

"मग घरातली माणसं कशाला हायत?"

यावर रेश्मा कपाळाला हात लावते. नोकऱ्या म्हणाल तर हॉस्पिटलात आहेत, विशेष मुलांच्या शाळेत आहेत. ती रोह्याला जाते, कंपनीत मशीनमध्ये हात सापडलेल्या कामगारांना पुन्हा कामाला लावायला. घरी परतताना माझ्या स्वयंपाकघरात डोकावते आणि ओट्याच्या उंचीवरून मला झापते. "काकू, पाठ जाईल!" पाठ जायची तेव्हा जाईल, डोकं मात्र रोज जातं.

तिचे वडील, नाना, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. वहिनी, म्हणजे रेश्माची आई, त्यांना घास भरवायच्या, बटणं लावायच्या. सगळे त्यांचं कौतुक करत होते. रेश्मानं ते बंद केलं. नाना अंगावर डाळ सांडत जेवायचे आणि ही समोर दगडासारखी बसायची.

"शिकली नि माणुसकी विसरली," वहिनी माझ्यापाशी रडल्या. "असा हात चालायचा हाय का कधी?"

श्रावणात तिनं ब्रशाच्या दांडीला स्पंज गुंडाळून ती जाड केली आणि नानांना कारखान्यात नेलं. मीही सोबत गेले. डोळे सगळ्यात शेवटी आखतात, तिथं हात चुकला तर आधीची सगळी मेहनत फुकट. नानांचा पहिला डोळा जमला. दुसरा खाली उतरला. कारागीर पुसायला धावला.

"हात लावायचा नाय," रेश्मा म्हणाली. "हा बाप्पा आमच्या घरी बसंल."

नानांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग म्हणाले, "दुसरी मूर्ती आण."

रेश्मा तिथून उठली. मी शोधत गेले, तर मूर्तींच्या रांगेआड तोंडावर ओढणी दाबून ती हमसून हमसून रडत होती. मला राहवलं नाही, मी तिला पोटाशी धरलं.

"काकू," ती म्हणाली, "नाना जेवायला बसले ना, की मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची."