नत्थुजींचा खोकला कोणत्या गावाचा?

माणूस आजारी आहे की नाही हे त्याच्या शरीरावर ठरत नाही, तो तपासला गेला की नाही यावर ठरतं. जो तपासलाच गेला नाही तो निरोगी. हे तत्त्व ऐकायला जरा कडक वाटेल, पण आमच्या मंडळाची सगळी इमारत याच पायावर उभी आहे. (इमारत भाड्याची आहे. अमरावतीत, कचोरीच्या दुकानाच्या वर. तळणाचा वास येतो म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो आणि कोणत्या गावाला मोकळ्या हवेचे किती गुण द्यायचे ते आत बसून ठरवतो.)

मंडळाचं नाव 'वऱ्हाड सुदृढ वसती क्रमांकन मंडळ'. राहण्यासाठी सर्वांत निरोगी गाव कोणतं हे आम्ही दरवर्षी जाहीर करतो, आणि मी त्या मंडळाचा क्षेत्र-निरीक्षक आहे. काही संशयी लोक विचारतात, आरोग्य मोजता तरी कसं? त्यांना आमचं नम्र उत्तर असं, की आरोग्य मोजता येत नाही हे आम्हालाही कळतं. म्हणून जे मोजता येतं त्याला आम्ही आरोग्य म्हणतो.

उदाहरणार्थ, रुग्ण. जितके रुग्ण नोंदलेले कमी, तितकं गाव निरोगी. ज्या गावात दवाखाना नाही तिथे रुग्ण नोंदवायला जागाच नसते, त्यामुळे अशी गावं कायम आघाडीवर असतात. मृत्यू जिथे झाला त्या गावाच्या नावावर मोजायचा, असाही एक नियम आहे. खेड्यातला माणूस अत्यवस्थ झाला की तालुक्याला नेतात, तालुक्यातून अमरावतीला, आणि अमरावतीहून नागपूरला. परिणामी आमच्या तक्त्यात खेडी जवळजवळ अमर आहेत, अमरावती थोडी मर्त्य आहे, आणि नागपूरचं काय होत असेल या विचारानं कधीकधी कसंतरी होतं. पण नागपूर आमच्या हद्दीत येत नाही.

खुल्या व्यायामशाळेला दहा गुण आहेत. तिथे कोणी व्यायाम करतं का, हे विचारायचं नाही. (बहुतेक गावांत त्या यंत्रांवर मिरच्या वाळत असतात. लोखंड तापतं, मिरच्या लवकर वाळतात. यंत्रं वापरात आहेत, एवढंच आम्ही लिहितो.) सकाळी घराबाहेर असणाऱ्यांच्या टक्केवारीला वीस गुण, कारण घराबाहेर पडलेला माणूस क्रियाशील असतो असं मंडळाचं मत आहे. अकोल्याच्या सदस्यांनी उन्हाळ्यालाही गुण मागितले होते. आमच्याकडच्या उन्हात जंतू जगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अमरावतीच्या सदस्यांनी जंतू आमच्याकडेही मरतात, फक्त जरा उशिरा मरतात, असं सांगितलं, आणि तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.

यंदा अंतिम फेरीत दोन गावं उरली. अमरावती जिल्ह्यातलं, नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडचं हिवरदरा, आणि अकोला जिल्ह्यातलं, बाळापूरजवळचं भेंडगाव. दोघांचे गुण सारखे. दोन्ही गावांत उपकेंद्राची इमारत होती, दोन्ही इमारतींना कुलूप होतं आणि दोन्ही गावांत रुग्णसंख्या शून्य होती.

हिवरदऱ्याचे सरपंच पंजाबराव यांना हा पहिला नंबर फार मनापासून हवा होता. लोकांना वाटेल मिरवण्यासाठी. तसं नव्हतं. त्यांना उपकेंद्रात कायमची सिस्टर हवी होती. नीलम सिस्टर चार गावं सांभाळून कधीमधी येत, येत तेव्हा किल्ली ज्याच्याकडे असे तो शेतात गेलेला असे. पंजाबरावांचा हिशेब सरळ होता. पहिला नंबर आला की मोठे साहेब शिल्ड द्यायला येतील, साहेब आले की सगळ्या गावासमोर सिस्टर मागायची, आणि सगळ्या गावासमोर साहेब नाही म्हणणार नाहीत.

अडचण एकच होती. नत्थुजी खोकत होते.

नत्थुजी म्हणजे गावाबाहेर ओढ्याकाठी भाजीचा मळा करणारे गृहस्थ. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक. उन्हाळ्यापासून त्यांना खोकला लागला होता, संध्याकाळी अंग तापायचं आणि सदरा खांद्यावरून लोंबायला लागला होता. त्यांना तपासायला नेलं आणि गोळ्या घेऊन घरी आणलं तर हिवरदऱ्याच्या नावावर एक रुग्ण लागला असता. म्हणून पंजाबराव चार प्रतिष्ठित माणसं घेऊन मळ्यात गेले.

"नत्थुजी, तुमचा खोकला गावाले भारी पडून राहिला."

"मंग म्या का मुद्दाम खोकतो का?"

"मुद्दाम नाई हो. पण इथंच काहून? वर्षालीच्या घरी जाऊन खोका ना. पोरीले बी बरं वाटन."

वर्षाली ही नत्थुजींची लेक. नत्थुजींच्या बायकोनं, आशाबाईंनी, खुरपं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बोट केलं. "यायले छातीचा फोटो काढाले न्या म्हटलं तं सारे चूप बसले. अन् आता खोकाले पोरीच्या घरी धाडता?"

"आशाबाई, आज एक मानूस तिकडं गेला तं उद्या सिस्टर इकडं येईन. मंग फोटोच फोटो."

"अन् वांग्याले पानी कोन देईन?"

"गाव देईन," पंजाबराव म्हणाले. (गावानं दिलं नाही. पण तो आरोग्याचा विषय नाही, शेतीचा आहे.) आशाबाईंचा गावाच्या पाण्यावर भरवसा नव्हता, त्या मळ्यापाशी राहिल्या. नत्थुजी एकटे लेकीकडे गेले.

लेक भेंडगावला दिलेली होती. हे आपल्याला त्या वेळी आठवलंच नाही, असं पंजाबराव आजही शपथेवर सांगतात.

इथवर सगळं नियमाला धरून चाललं होतं. घात केला तो वऱ्हाडी माणसाच्या मायेनं. आमच्याकडे लग्नाला गेला नाहीत तर एक वेळ चालतं. पण आजारी माणसाला पाहायला गेला नाहीत तर ते तुमच्या नातवंडांना ऐकावं लागतं. बिस्किटांचा पुडा घेऊन जायचं, खाटेच्या पायथ्याशी बसायचं, "लय वाळले बाप्पा" म्हणायचं, अगदी अस्साच खोकला असलेल्या आपल्या एका नातेवाइकाची गोष्ट सांगायची आणि तो शेवटी गेला हेही सांगायचं. मग चहा घेऊन निघायचं. याला आमच्याकडे धीर देणं म्हणतात.

सर्वेक्षणाच्या आदल्या संध्याकाळी वर्षालीचा आईला फोन आला, "बाबाची तब्येत जास्त हाये." उजाडता उजाडता अख्खं हिवरदरा मिळेल त्या गाडीनं भेंडगावकडे निघालं. सर्वांत पुढे पंजाबराव होते. सर्वेक्षण आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं असं नाही, पण मागे राहायचं कोणी? जो राहील त्याला नत्थुजींची काळजी नाही असा अर्थ झाला असता.

मी सकाळी हिवरदऱ्यात पोचलो आणि पाहतच राहिलो. इतक्या वर्षांत इतकं निरोगी गाव मी पाहिलं नव्हतं. कुठे धूर नाही, गोंगाट नाही, खोकल्याचा आवाज नाही. चावडीसमोर पत्त्यांचा डाव नाही. उपकेंद्राचं दार नव्यानं रंगवलेलं, कुलूप गंजलेलं. सकाळी घराबाहेर असणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के. एका ओट्यावर शकुनबाई तेवढ्या बसल्या होत्या, कारण त्यांचे दोन्ही गुडघे गाडीत चढण्याच्या कामाचे राहिले नव्हते.

"मावशी, गाव कुठे गेलं?"

"नत्थुजीले पाहाले गेलं."

"आजारी आहेत का ते?"

शकुनबाईंना सरपंचांनी बजावून ठेवलं होतं. त्यांनी पदर सावरला. "नाई बाप्पा. आमच्या गावात कोनीच बिमार नाई. जो बिमार हाये तो तिकडं हाये."

मी ते वाक्य शब्दशः उतरवून घेतलं. मंडळाचं धोरण इतक्या थोडक्यात मला आजवर सांगता आलं नव्हतं. (शकुनबाईंचे गुडघे नोंदले नाहीत. गुडघे कुठेच तपासलेले नव्हते.)

दुपार कलताना मी भेंडगावला पोचलो. वर्षालीचे सासरे केशवराव यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन चुलींवर चहा उकळत होता, धुरानं डोळे झोंबत होते आणि बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग नत्थुजींच्या उशाहून उंच गेला होता. दर घरामागे माणसांची संख्या, हवेची शुद्धता, शांतता, सगळ्या बाबतीत भेंडगाव माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होतं. आणि मधोमध खाटेवर एक माणूस उघडपणे खोकत होता.

मी विचारलं, "हे रुग्ण कोणत्या गावाचे?"

केशवराव ताडकन म्हणाले, "हिवरदऱ्याचे. आमच्या गावात खोकला नाई."

"पाहुना ज्याच्या घरी त्याचा," पंजाबराव म्हणाले. गावाच्या नात्यानं केशवराव त्यांचेही व्याही. "इवाई, आता तुमी हात वर करता का?"

"मानूस घेतला ठेवून, इवाई हाये म्हनून. खोकला कोनं मांगतला होता?"

नत्थुजींनी उठून बसण्याचा प्रयत्न केला. "मी जातो माह्या घरी. वांगे सुकले असतीन."

तेव्हा मात्र दोन्ही गावं एका आवाजात म्हणाली, "तुमी पडून राहा!" केशवराव पाहुण्याला जा म्हणू शकत नव्हते आणि पंजाबराव त्यांना परत नेऊ शकत नव्हते. मी नियम वाचून दाखवला, की खोकला जिथे आढळला त्या गावाचा. आशाबाई खाटेच्या कडेला बसून नवऱ्याची पाठ चोळत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "याच्यात औषीध कोन्या गावाचं, ते बी वाचा ना." तसा नियम आमच्याकडे नव्हता. मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली, पण लाजेला गुण नाहीत.

निकाल लागला. हिवरदरा पहिलं, भेंडगाव शेवटचं. शिल्ड द्यायला मोठे साहेब आले. ठरल्याप्रमाणे पंजाबरावांनी सगळ्या गावासमोर सिस्टर मागितली. साहेबांनी मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर सांगितलं, की सर्वांत निरोगी गावानं सिस्टर मागावी हा त्या गावाचा मोठेपणा आहे, पण गरज शेवटच्या गावाला आहे. सबब नीलम सिस्टरना कायमस्वरूपी भेंडगावला देण्यात येत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. गावानं आधी टाळ्या वाजवल्या, मग समजून घेतलं. शिल्ड ठेवायला योग्य जागा नव्हती म्हणून ती उपकेंद्रात ठेवली आणि बाहेरून पुन्हा कुलूप लावलं.

भेंडगावच्या उपकेंद्राचं कुलूप मात्र तोडावं लागलं. नीलम सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात नत्थुजींचा बेडका तपासायला पाठवला. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, फुकट, रोज समोर उभं राहून. महिना-दोन महिन्यांत माणूस भाकर मागून खायला लागला. मग सिस्टरनी घरोघरी फिरून बाकीच्यांना धरलं. कोणाचं बीपी, कोणाचं रक्त कमी, खुद्द केशवरावांची शुगर. जसजसे लोक बरे होत गेले तसतसं भेंडगाव आमच्या तक्त्यात खाली खाली गेलं. शेवटच्या क्रमांकाच्याही खाली जाता येतं हे मंडळाला प्रथमच कळलं. केशवराव तक्रार घेऊन आले होते. सिस्टर यायच्या आधी आमचं गाव ठणठणीत होतं, असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे.

हिवरदऱ्यात प्लॉट पडले. अमरावतीतल्या सुज्ञ कुटुंबांनी आमची यादी पाहून ते घेतले. बीपीच्या गोळ्या ते पिशवीच्या तळाशी ठेवून नेतात, गावाच्या नावाला धक्का लागू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात आशाबाई आमच्या कार्यालयात आल्या. जिना चढून दारात जरा टेकल्या.

"आमच्या मानसाले घरी आनाचं हाये," त्या म्हणाल्या. "पंजाबराव म्हनते, गोया सुरू हायेत तवर इकडं आनू नका, नंबर जाईन. वांग्याचा मया अर्धा वाळला साहेब. तुमचा नंबर किती दिवस राह्यते?"

"वर्षभर."

"अन् मंग?"

"मग पुन्हा सर्वेक्षण."

मी पाणी द्यायला उठलो आणि मला ठसका लागला. तो थांबेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमी बी खोकून राहिले. कधीपासून?"

"खाली तळण आहे ना, त्या धुरानं."

"आमच्या मानसाले बी आधी तसंच वाटे," त्या म्हणाल्या. "भेंडगावले या. सिस्टर चांगली हाये."

मी जाणार नाही. गेलो आणि काही निघालं, तर गोळ्या घेऊन मला अमरावतीतच परतावं लागेल, अमरावतीचा एक गुण जाईल, आणि अकोल्यासमोर मला तोंड दाखवता येणार नाही. शिवाय केशवरावांच्या त्या अंगणात मी चांगला तासभर बसलो होतो हे आठवून उगाच भीती वाटते, आणि भीतीनं प्रकृती बिघडते.

तुम्हाला हसू येतंय. येऊ द्या, हसण्याला आमच्याकडे पाच गुण आहेत. आता एकच सांगा, मागे डॉक्टरांनी ज्या तपासण्या लिहून दिल्या होत्या त्या केल्यात का? नाही ना? अभिनंदन. आमच्या निकषांनुसार तुमच्या घरात कोणीही आजारी नाही. प्रमाणपत्र पोस्टानं येईल. ज्या कप्प्यात डॉक्टरांचा तो कागद घडी घालून ठेवलाय, त्याच कप्प्यात ते मावेल.